पिस्तूल नसलेली आवृत्ती

“तुमच्या पुस्तकातला तो मुलगा म्हणजे तुम्हीच का?” असे कोणी विचारले की आमचे घरमालक सांगत, “तो माझ्यापेक्षा उंच आहे.” ग्रंथालयातल्या बाई विचारोत की मी विचारो, उत्तर बदलत नसे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. उंची ही मोजता येण्याजोगी गोष्ट असल्यामुळे सुरुवातीला मला ते उत्तर समाधानकारक वाटले. पुढे पुस्तक वाचले तेव्हा लक्षात आले की त्या मुलाची उंची त्यात कुठेच दिलेली नाही.

शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूला लागून असलेल्या एका रस्त्यावर त्यांचे विटांचे दुमजली घर होते. खाली ते एकटे, वर मी आणि मुग्धा. मुग्धा नागपूरची, एका विमा कंपनीच्या संगणक विभागात. मी पुण्याची, प्रथिनांच्या रचनेवर पीएच.डी. करणारी. डेव्हनवर पूर्वेकडे निघाले की साड्यांची आणि मिठाईची दुकाने लागत, पश्चिमेकडे ज्यूंच्या कोशर बेकऱ्या. आमचा बसथांबा साधारण मध्ये होता.

घर बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला मी काय करते ते विचारले. परिषदांसाठी घोटलेले माझे वाक्य मी म्हणून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ते ऐकले.

“लांब आहे,” ते म्हणाले. “रोग सुरू कसा होतो ते पाहते, एवढंच म्हणा.”

“ते अचूक नाही.”

“अचूक कोण वाचतं, डॉक्टर?”

मी अजून डॉक्टर झालेली नाही, हेही मी स्पष्ट केले. त्यावर ते म्हणाले की पाच वर्षांनी जिची छाटणी करावी लागणार नाही, ती उपाधी आत्ताच वापरलेली बरी. त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात माझे पहिले वाक्य त्यांचे होते. शिष्यवृत्ती मिळाली.

वाक्ये कापणे हा त्यांचा व्यवसाय होता. निवृत्त होईपर्यंत ते एका जाहिरात कंपनीत घोषवाक्ये लिहीत: गाद्यांची, फरशीच्या मेणाची, डब्यातल्या मक्याची. गादीची ओळ अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका अख्ख्या पिढीला पाठ होती, आणि ती कोणी लिहिली हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हते. घोषवाक्याला लेखक दिसता कामा नये, असे त्यांचे मत होते. लेखक दिसला की वाचणाऱ्याला संशय येतो की आपल्याला काहीतरी विकले जात आहे; लेखक नसला की त्याला वाटते, हे तर आपल्यालाच सुचले.

नियम सांगायचे ते घरात पाट्यांनी सांगत. जिन्यात: ‘पायऱ्या बोलतात. मी ऐकतो.’ हीटरच्या बटणापाशी: ‘आधी स्वेटर. मग मी.’ मुग्धा तळघरातून धुतलेले कपडे घेऊन वर येई आणि ताजी बातमी देई.

“अगं, काकांनी ड्रायरवर नवा बोर्ड लावलाय. ‘मोज्यांनाही जोडीदार असतो.’ यार, हा माणूस मला टोमणा मारतोय की मोज्यांबद्दल बोलतोय?”

ती त्यांना तोंडावर काका म्हणे. पहिल्यांदा त्यांनी अर्थ विचारला, तिने वडिलांचा भाऊ असे सांगितले, आणि ते म्हणाले, “हे भाडेकरारात नव्हतं.” त्यानंतर मात्र कोणत्याही दुसऱ्या संबोधनाला ते तिला ओ देत नसत.

रस्त्यावरून त्यांच्याबरोबर चालणे कठीण होते. प्रत्येक फलक ते थांबून वाचत, आणि खिशातल्या जाड पेनने दुरुस्त करत. मिठाईच्या दुकानाने दिवाळीसाठी काचेवर लावलेला भलामोठा मजकूर त्यांनी एकदा आत जाऊन, मालकाच्या देखत, तीन शब्दांवर आणला. मालक गुजराती, तो शांतपणे मुग्धाला म्हणाला, “बेन, अंकल को घर ले जाओ.” पुढच्या दिवाळीला काचेवर तेच तीन शब्द होते.

माझे पहिले संशोधन छापून आले तेव्हा मी अभिमानाने त्यांना दाखवायला नेले. एका आकृतीखाली ‘प्रातिनिधिक प्रतिमा’ असे लिहिले होते. त्यांनी त्यावर बोट ठेवले.

“प्रातिनिधिक म्हणजे?”

“म्हणजे अनेक प्रयोगांपैकी एक.”

“कोणता एक?”

“जो सर्वांत स्वच्छ आला तो. सगळेच तसं करतात.”

“माझ्या धंद्यात त्याला कादंबरी म्हणतात,” ते म्हणाले, आणि पुढचे पान उलटले.

त्यांनी आयुष्यात कादंबरी एकच लिहिली, अमेरिकेत आल्यावर काही वर्षांनी, नव्याने शिकलेल्या इंग्रजीत. महायुद्धातला शेवटचा हिवाळा, बुडापेस्ट. शहर हिरव्या शर्टांच्या अतिउजव्या पक्षाच्या हातात गेले आहे. एक ज्यू मुलगा ख्रिश्चन नावाच्या खोट्या कागदपत्रांवर एका छापखान्यात छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवण्याच्या कामाला लागतो. तो छापखाना त्या पक्षाची भित्तिपत्रके छापतो. लोकांनी आपल्याला मारावे असा जो मजकूर आहे, तोच मुलगा दिवसभर खिळ्याखिळ्याने जुळवत राहतो, आणि त्यामुळेच जगतो. मधल्या प्रकरणात पक्षाचा एक अधिकारी येतो, त्याच्या कानशिलाला पिस्तूल लावतो आणि म्हणतो, आम्हाला चांगली ओळ हवी, लिही. मुलगा लिहितो. दुसऱ्या दिवशी ती ओळ शहरभर भिंतींवर असते.

ओळ पुस्तकात दिलेली आहे. मी ती इथे देणार नाही. ती चांगली आहे, ही त्यातली अडचण. ती वाचल्यावर माणूस आधी आपल्या शेजाऱ्याकडे पाहतो, इतके सांगणे पुरे आहे.

पुस्तक फार खपले नाही. जे वाचत ते पिस्तुलाच्या प्रकरणाविषयी बोलत, त्यांचे डोळे भरून येत, आणि घरमालक त्यांना उंचीविषयी सांगत.

न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतरच्या वर्षी डेव्हनच्या पूर्वेकडच्या भागात विजेच्या खांबांवर स्टिकर दिसू लागले. बाहेरून आलेल्यांनी परत जावे, अशा आशयाचे. बाहेरचे म्हणजे आम्ही. दुकानदार सकाळी शटर उघडण्याआधी ते खरवडून काढत आणि त्याविषयी बोलत नसत. एका शनिवारी आम्ही तिघे भाजी घेऊन परतत होतो. बसथांब्याच्या खांबावर एक नवा स्टिकर होता. घरमालक सवयीप्रमाणे थांबले, सवयीप्रमाणे त्यांनी पेन काढले, टोपण उघडले आणि पुन्हा लावले.

“ही माझी आहे,” ते म्हणाले.

“काय तुमची, काका? बस?” मुग्धाने विचारले.

“ओळ.”

मी वाचली. मी पुस्तक वाचलेले होते, त्यामुळे मला ओळखता आली.

“भाषांतर बरं केलंय,” ते म्हणाले. “शेवटचा शब्द जड झाला आहे.”

मुग्धाने नखाने स्टिकर काढायला सुरुवात केली. ते मदतीला गेले नाहीत. पिशवी हातात धरून उभे राहिले. बस आली, थांबली आणि गेली.

घरी आल्यावर मुग्धाने संगणकावर ती ओळ शोधली. अमेरिकेतल्या एका अतिउजव्या गटाच्या संकेतस्थळावर ती सर्वांत वर, चौकटीत होती; खाली लिहिले होते: ‘एक अज्ञात देशभक्त, बुडापेस्ट, १९४४.’ ते पाहायला घरमालक पहिल्यांदाच आमच्या मजल्यावर आले. पडद्यासमोर बराच वेळ बसले.

“काका, लिहा ना त्यांना,” मुग्धा म्हणाली. “सांगा, की तुमचा देशभक्त खाली राहतो आणि ज्यू आहे. त्यांची पूर्ण वाट लागेल.”

हे मलाही तर्काला धरून वाटले. एखाद्या दाव्याचा स्रोत चुकीचा आहे हे दाखवले की दावा मागे घेतला जातो, अशा जगात मी तेव्हा काम करत होते. घरमालकांनी तीन ओळींचा मजकूर सांगितला, मुग्धाने टाइप करून पाठवला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, आणि सभ्य होते. त्यांनी पुस्तक मिळवून पाहिले होते. पहिल्याच पानावर लेखकाने स्वतः छापले आहे की यातील सर्व पात्रे आणि प्रसंग काल्पनिक आहेत. त्यामुळे आपण तेव्हा खोटे बोलत होता की आता बोलत आहात, ते कृपया कळवावे.

त्यांनी ते उत्तर दोनदा वाचून घेतले.

“चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले. “यात कापण्यासारखं काही नाही.”

त्यानंतर काही वर्षे या विषयावर बोलणे झाले नाही. त्या काळात माझे एकच ध्येय होते: बोस्टनमधल्या एका विशिष्ट प्रयोगशाळेत जागा मिळवणे. माझा दिवस त्या दिशेने आखलेला असे आणि घरमालक त्यात जिन्यापुरते येत. मुग्धाला ग्रीन कार्ड मिळाले, तरी तिने घर सोडले नाही. पाट्या वाढत गेल्या.

मग एका छोट्या प्रकाशनसंस्थेने ती कादंबरी पुन्हा काढायचे ठरवले. संपादिका हुशार होती आणि तिचा हेतू चांगला होता. आठवणींची पुस्तके त्या सुमारास खपत. कादंबरी हा शब्द मुखपृष्ठावरून काढून तिथे आठवणी असे छापू, एवढीच तिची विनंती होती. शिवाय, ती म्हणाली, युद्धात असे काही झालेच नाही म्हणणाऱ्यांना तेच योग्य उत्तर ठरेल.

घरमालकांनी मला खाली बोलावले. दुपारची वेळ होती. टेबलावर पुस्तकाची जुनी प्रत, शेजारी पेन. मधल्या प्रकरणातली साधारण दोन पाने त्यांनी आडव्या रेघांनी पूर्ण खोडली होती.

“डॉक्टर, हे वाचा. यातलं पिस्तूल काढलं आहे.”

“का?”

“नव्हतं म्हणून.”

त्यांनी जे सांगितले ते एखाद्या प्रयोगाच्या कृतीसारखे, क्रमाने सांगितले. पक्षाच्या कचेरीतून मजकूर आला होता. लांबलचक, विशेषणांनी भरलेला, शेवटी सुरुवात विसरणारा. ते खिळे जुळवायला बसले. मालक जेवायला गेला होता. कोणी अधिकारी आला नाही, कोणी काही मागितले नाही. त्यांनी मजकूर पाहिला आणि त्यांना राहवले नाही. त्यांनी तो कापला. कापता कापता शेवटी एक ओळ उरली. मालक परतला, त्याने ती वाचली, पाठ थोपटली आणि तीच मोठ्या टायपात छापायला सांगितले.

“मग तुम्हाला काय वाटलं?”

“आनंद झाला,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी ती भिंतीवर पाहिली तेव्हाही. मी रस्ता ओलांडून पलीकडून पाहिली. लांबून वाचता येत होती.”

मग ते म्हणाले, “आई तेव्हा शहरातच होती, ज्यूंना कोंडलेल्या, ताऱ्याची खूण लावलेल्या घरात. पुस्तकात मी तिला आधीच खेड्यावर पाठवलं आहे. तिनं ती वाचली की नाही, मला माहीत नाही. विचारायला ती राहिली नाही.”

मी प्रश्नाचे भाग पाडले. मला दुसरी पद्धत येत नव्हती. पिस्तूल ठेवले तर पुस्तकात एक असत्य राहते, पण त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पिस्तूल काढले तर त्या संकेतस्थळाला हवे ते मिळते: ज्यूने स्वखुशीने लिहिले. हे मी त्यांना सांगितले. आणखी एक मुद्दा होता, तोही सांगितला.

“पिस्तूल नसलं तर त्या मुलानं असं का केलं, ते वाचकाला कळत नाही.”

“मलाही कळलेलं नाही,” ते म्हणाले. “वाचकाला माझ्यापेक्षा जास्त का कळावं?”

त्यांनी संपादिकेला फोन लावला आणि मला ऐकू यावे म्हणून स्पीकर चालू केला. पिस्तूल काढल्याचे त्यांनी तिला सांगितले. ती म्हणाली, “कृपा करून हे करू नका. लोकांनी त्या मुलावर माया केली आहे.”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

“हे तुम्ही त्यांच्या हातात कोलीत देताय.”

“कोलीत मी चव्वेचाळीस सालीच दिलं. ते त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं आहे. निदान कोणाचं आहे ते तरी सांगतो.”

“मग आठवणी म्हणून छापू?”

“नाही. आठवणी म्हटलं की सगळं खरं असावं लागतं. उरलेल्यात मी मुलाला पुष्कळ धाडसी केलं आहे.”

शेवटी मुखपृष्ठावर ‘कादंबरी’च राहिले. सर्व पात्रे काल्पनिक असल्याचे वाक्य काढले गेले आणि त्या जागी त्यांची प्रस्तावना आली, जी मी वाचलेल्या प्रस्तावनांपैकी सर्वांत छोटी आहे: ‘या पुस्तकातील भिंतीवरची ओळ मी लिहिली. मला कोणी लिहायला लावली नव्हती.’ संकेतस्थळाने यथावकाश दखल घेतली. म्हातारा खोटे बोलतो, ती ओळ त्याची नाहीच, असे त्यांनी लिहिले. आणि त्याखालच्या परिच्छेदात, पाहा, ज्यू स्वतःच स्वखुशीने लिहीत होते. दोन्ही विधाने एकाच पानावर, एकमेकांना त्रास न देता राहत होती. मुग्धा चिडली. मला बोस्टनला जायला थोडेच दिवस उरले होते आणि मी खोकी भरत होते. तरी मलाही जाणवले की माझ्या क्षेत्रातली खंडनाची पद्धत इथे लागू पडत नाही.

आवृत्ती निघाली तेव्हा वस्तीतल्या ग्रंथालयात वाचनाचा कार्यक्रम ठेवला होता. ग्रंथालयातल्या बाईंनी कॉफी केली होती. माणसे बेताची होती, बहुतेक वयस्कर. मी आणि मुग्धा मागे बसलो. घरमालकांनी कार्यक्रमाच्या फलकावरचे दोन शब्द खोडले आणि मग ते खुर्चीवर बसले. त्यांनी मधले प्रकरण वाचले. जिथे पूर्वी अधिकारी येई तिथे आता मुलगा एकटा होता, समोर एक वाईट मजकूर होता, आणि मालक जेवायला गेला होता. वाचताना त्यांचा आवाज गाद्यांची जाहिरात वाचावी तसा होता. ओळ आली तेव्हा त्यांनी ती वाचली. वगळली नाही.

वाचन संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुग्धाने हात उचलले आणि खाली ठेवले.

दुसऱ्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई होत्या, निळी टोपी घातलेल्या. त्या बसूनच बोलल्या.

“मी त्याच शहरातली. तेव्हा लहान होते. आम्हीही खोट्या कागदपत्रांवर राहत होतो, आई आणि मी. समोरच्या दारात एक बाई राहायची. जिन्यात भेटली की आमच्याकडे बघून हसायची. आमच्या कोपऱ्यावर तुमची ओळ लागली. त्यानंतर ती हसेना. नुसती बघायची. तेवढ्यावरून आईला कळलं. त्याच संध्याकाळी आम्ही ते घर सोडलं.”

घरमालकांनी मान हलवली.

“तुमचं पुस्तक मी पूर्वी वाचलं होतं,” त्या म्हणाल्या. “जुनं. त्यात पिस्तूल होतं.”

“हो.”

“मी त्या मुलाला माफ करून टाकलं होतं.”

“मला अंदाज होता,” ते म्हणाले. “म्हणजे तुमचा नाही. पण कोणीतरी केलं असेल, असा.”

“आणि आता तुम्ही म्हणता, पिस्तूल नव्हतं.”

“नव्हतं.”

“कोणी मागितली नव्हती.”

“नाही.”

“मग का?”

खोलीतले सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मीही पाहत होते, कारण उंचीचे उत्तर आता उरलेले नव्हते.

“आलेला मजकूर वाईट होता,” ते म्हणाले. “मला तो चांगला करता येत होता. याहून चांगलं कारण मी साठ वर्षं शोधतोय. एकदा पिस्तूल सापडलं होतं.”

बाई उठल्या, काठी घेतली, बाहेरच्या टेबलावरून पुस्तकाची एक प्रत विकत घेतली आणि परत आत आल्या. तेवढ्यात लोक उठू लागले होते. त्यांच्यासाठी वाट झाली. त्यांनी प्रत घरमालकांपुढे ठेवली. घरमालकांनी लेखक उघडतात तसे पहिले पान उघडले आणि नाव विचारले.

“माझं नाव नको,” बाई म्हणाल्या. “आणि इथे नाही.”

बाईंनी स्वतः पाने उलटली. मधले प्रकरण काढले, ओळ शोधली, आणि तिच्याखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

“इथे सही करा.”

घरमालकांनी पेनाचे टोपण काढले. गाद्यांपासून मक्यापर्यंत आयुष्यभर जे लिहिले त्याखाली त्यांचे नाव कधी आले नव्हते, आणि या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही होते ते अमेरिकेत आल्यावर आखूड केलेले नाव. त्यांनी लिहायला सुरुवात केली. मला वाटले होते त्यापेक्षा जास्त वेळ लागला. जन्माचे, पूर्ण, ज्यू आडनावासकट असलेले ते नाव लांब होते, आणि त्यांनी त्यातले एकही अक्षर गाळले नाही.

बाईंनी ते वाचून पाहिले. शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडे धरले, मग मिटून पिशवीत ठेवले, आणि बसला उशीर होतो आहे असे सांगून त्या निघून गेल्या.